भाड्याने दिलेल्या फ्लॅटमधल्या सामानाचा विमा: वाचकांचे प्रश्न

इमारतीचा एकत्रित विमा आहे. फ्लॅटमध्ये फ्रीज, वॉशिंग मशीन, पलंग, सोफा माझेच आहेत. त्यांचा वेगळा विमा काढावा लागेल का?

हो. एकत्रित विमा सहसा भिंती, छत, लिफ्ट, सामायिक पाइप यांच्यापुरता असतो. तुमचा सोफा त्यात येत नाही. भिंतीत बसवलेली कपाटं आणि ओट्याखालची ट्रॉली मात्र वादाची: कुठे त्यांना बांधकाम धरतात, कुठे सामान. याचं उत्तर कंपनीकडून लेखी घ्या. भाडेकरूचा लॅपटॉप, कपडे ही त्याची जबाबदारी. तुमच्या पॉलिसीतून त्याला काही मिळणार नाही, हे त्याला आधीच सांगून टाका.

मी स्वतः राहत होतो तेव्हा काढलेली पॉलिसी चालू आहे. आता तिथे भाडेकरू आहे. तीच चालेल ना?

कंपनीला कळवलं नसेल तर चालेल असं धरून बसू नका. घरात कोण राहतं हे पाहूनच कंपनी जोखीम मोजते. तुम्ही बाहेर पडलात, दुसरं कुटुंब आलं, म्हणजे जोखीम बदलली. ही माहिती दडवली, किंवा नुसती सांगायची राहिली, तरी नेमका क्लेमच्या वेळी प्रश्न निघतो आणि तोवर भरलेले हप्ते फुकट जाऊ शकतात. एजंटला फोनवर सांगितलं होतं, हा पुरावा नव्हे. ईमेल करा आणि पॉलिसीत तशी लेखी दुरुस्ती करून घ्या. हप्ता थोडा वाढला तरी वाढू द्या.

चोरीचं कलमही नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत कुलूप, कडी किंवा खिडकी फोडून झालेली चोरीच धरतात. ज्याला चावी तुम्हीच दिली त्याने जाताना टीव्ही नेला, तर ते बहुधा त्यात बसत नाही. भाडेकरूने मुद्दाम केलेल्या नासधुशीसाठी काही ठिकाणी वेगळं संरक्षण विकत मिळतं, पण ते मागून घ्यावं लागतं.

हप्ता वाचवायला विमा रक्कम कमी दाखवली तर काय बिघडतं? सगळंच सामान एकदम थोडंच जळणार आहे!

हा हिशेब अंगाशी येऊ शकतो. समजा सामान 100 रुपयांचं आहे, विमा 60 चा काढला आणि नुकसान 20 चं झालं. तुम्हाला वाटेल, 20 तर 60 च्या आतच आहेत. पण पॉलिसीत सरासरीचं कलम असेल तर कंपनी म्हणते, तुम्ही 60 टक्केच विमा उतरवला होता, म्हणून 20 चे 60 टक्के, म्हणजे 12 घ्या. उरलेले 8 तुमच्या खिशातून. त्यातूनही दर क्लेममागे तुम्ही सोसायची ठरलेली रक्कम वजा होते, ती वेगळीच.

भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने मिळणार की घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, वजा करून, हेही विचारा. जुन्या वॉशिंग मशीनच्या बाबतीत या दोन आकड्यांत फार अंतर पडतं.

पाइपमधून महिनोन्‌महिने पाणी झिरपून कपाट फुगलं. क्लेम करू का?

करून पाहा, पण आशा कमी ठेवा. अचानक पाइप फुटणं वेगळं, हळूहळू झिरपणं वेगळं. दुसरं देखभालीत जातं.

एक भाडेकरू गेला, दुसरा अजून मिळालेला नाही. तोवर विमा बंद करू?

उलट याच काळात तो जपा. घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं तर अनेक पॉलिसींत चोरी आणि पाणीगळतीचं संरक्षण थांबतं. तुमच्यात किती दिवस लिहिलेत ते पाहा आणि तो टप्पा यायच्या आत कंपनीला कळवा.

फ्लॅट मोकळा असताना आणखी एक काम उरका. फ्रीज पुढे ओढून मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक वाचता येईल असा फोटो घ्या. इतर यंत्रांचंही तसंच करा. बिलांसोबत हे फोटो फ्लॅटबाहेर, शक्यतो ईमेलवर ठेवा आणि तीच यादी पुढच्या भाडेकराराला जोडून दोघांच्या सह्या घ्या. क्लेमनंतर नुकसान मोजायला सर्व्हेअर आला की पहिल्यांदा हेच मागतो.