यंदा होडी विकू नकोस

प्रिय मुली,

"ताई, होडी विकून टाकू का?" एवढंच विचारलंस आणि खाली बाळाचा फोटो पाठवलास. फोटो फार गोड आहे. होडी विकू नकोस, निदान या सीझनला तरी नको.

रात्रीत तीन-तीनदा उठणाऱ्या बाईने असले निर्णय घेऊ नयेत, हे पहिलं कारण. दुसरं व्यवहाराचं. तुझ्यासारखी चांगल्या हलची (म्हणजे होडीच्या सांगाड्याची), डोलकाठी सरळ असलेली लेझर, एकट्याने चालवायची शिडाची होडी, आपल्या गोव्यात चटकन विकली जाते, पण पुन्हा तशी मिळायला फार वाट पाहावी लागते. आणि होडीच नसली की प्रत्येक वेळी समुद्रावर जाण्यासाठी कोणाकडे तरी मागावं लागेल. बाळ झाल्यावर बाईला मागायच्या गोष्टी तशाही पुष्कळ असतात, त्यात आणखी एक नको.

होडी पडून राहू नये म्हणून ती वापरायला दे. आपल्याकडे सेलिंग शिकणाऱ्यांमध्ये स्वतःची होडी नसलेली दोन-तीन पोरं आहेत, त्यातलं एक निवड. भाडं घेऊ नकोस. अट एवढीच की आठवडाभर त्याने चालवावी, गोड्या पाण्याने धुवावी, तुटलं-फुटलं लगेच सांगावं आणि तू यायच्या दिवशी शीड चढवून होडी तयार ठेवावी. याचं महत्त्व आता सांगते.

समुद्रावर दोन तास घालवायचे तर घरून चार-पाच तास जातात, हे तुला बाळ होण्याआधीही माहीत होतं, पण तेव्हा ते टोचत नव्हतं. निघणं, गाडी लावणं, कव्हर काढणं, डोलकाठी जोडणं, दोर ओवणं, वाऱ्याची वाट बघणं. परतल्यावर धुणं, शीड गुंडाळणं आणि शेवटी चहाबरोबर तासभर गप्पा. घरच्यांच्या दृष्टीने हा सगळा वेळ एकच आहे: दार लागल्यापासून दार उघडेपर्यंतचा. तू आता याच वेळाचा हिशोब धर. पाण्यातली मिनिटं कमी करू नकोस, किनाऱ्यावरची कर. होडी तयार मिळाली आणि चहा वर्षभर सोडलास, तर ताळगावहून करंझाळ्याला येऊन, दीड तास सेलिंग करून तू अडीच तासांत घरी पोचशील. हा अडीच तासांचा तुकडा आठवड्यातून एकदा मिळाला तरी हात विसरत नाहीत. महिन्यातून एकदा अख्खा दिवस मिळाला तर विसरतात, असा माझा अनुभव आहे.

तुकडा कधी काढायचा, ते वाऱ्यावर ठरव. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्याकडे रोज दोन वारे असतात. सकाळी साधारण दहापर्यंत जमिनीवरून येणारा मतलई, हलका आणि सपाट पाण्याचा. मग तो पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो, तीन-चारच्या सुमाराला त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि दिवेलागणीला तो संपतो. आपल्या रेस बहुतेक खाऱ्या वाऱ्यावरच होतात, म्हणून सगळे दुपारी उतरतात. तू डिसेंबर संपेपर्यंत सकाळीच उतर. हलक्या वाऱ्यात हायकिंग, म्हणजे होडी सपाट ठेवायला कडेबाहेर लटकणं, जवळजवळ करावं लागत नाही, म्हणजे पोटावर ताण नाही. आणि टॅक, जाइब (वारा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेत होडी वळवणं), मार्कापाशी म्हणजे बोयापाशी होडी जागच्या जागी धरून ठेवणं हे सगळं सपाट पाण्यातच नीट घोटून होतं. शिवाय चार महिन्यांचं बाळ सकाळी तेल लावून, अंघोळ-धुरी होऊन झोपतं ती वेळही हीच. सातला पाजून नीघ, अंघोळ सासूबाईंच्या हातची, आणि दहाच्या आत तू परत. संध्याकाळ मात्र धरूच नकोस. तिन्हीसांजेला या वयाची बाळं किरकिर करतात आणि त्यांना आईच लागते.

मतलईबद्दल एक इशारा, आणि तो अगदी मनापासून. हा वारा तुला किनाऱ्यापासून लांब नेतो. काही मोडलं किंवा वारा मध्येच पडला, तर होडी घराकडे येत नाही, आग्वादच्या टोकाबाहेर, समुद्रात सरकत जाते. सेफ्टी बोट पाण्यात असल्याशिवाय सकाळी एकटीने उतरायचं नाही. पूर्वी तू हे केलं असशील. आता नाही.

पुढे दुपारी उतरायला लागलीस की भरती-ओहोटीही बघ. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला दुपारच्या आधी भरती भरते आणि सगळी दुपार मांडवी नदी बाहेर समुद्राकडे ओढत असते. समोरून खारा वारा आला की मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. पहिले काही महिने ते दिवस सरळ गाळ आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीचे दिवस निवड. हे लाटांना घाबरून सांगत नाही. त्या पाण्यात होडी उलटली की पुन्हा वर चढायला जो जोर लागतो तो तुझ्या पोटात अजून आलेला नाही.

कारण तुझं सिझेरियन झालंय. डॉक्टरांनी सहाव्या आठवड्याला "सगळं ठीक" म्हटलं ते टाके आणि गर्भाशयाबद्दल. हायकिंगबद्दल त्यांना कोणी विचारलंच नसेल. तू जाऊन विचार. होडीच्या कडेबाहेर पाठीकडे झुकून लटकून राहायचं असतं, झटक्याने आत यायचं असतं, असं करून दाखव, म्हणजे त्यांच्या लक्षात येईल. फिजिओथेरपिस्टला दाखव, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात सोय आहे. घरच्या घरी एक बघता येतं: पाठीवर झोप, गुडघे वाकव, मान थोडी उचल आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं दाबून बघ. दोन बोटांहून जास्त फट लागली, किंवा मान उचलताना पोटाच्या मध्यावर उंचवटा आला, तर स्नायू अजून जुळलेले नाहीत. तेव्हा हायकिंग स्ट्रॅपला (लटकताना पाय अडकवायच्या पट्ट्याला) पाय लावायचे नाहीत. खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जात असतील तर तेही सांग. याला लाजून पुष्कळ जणी वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि शेवटी खेळ सोडतात. योग्य व्यायामाने बहुतेकींचं ते सुधारतं. ५९ किलोचा हल ट्रॉलीवर घालून वाळूतून एकटीने ओढणं तर पूर्ण बंद. कोणाला तरी हाक मार.

पहिल्या दिवशी सेलिंग नाहीच करायचं. कमरेएवढ्या पाण्यात होडी उलटवायची, डॅगरबोर्डावर (होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर) चढून सरळ करायची आणि आत चढायचं. हे सलग तीनदा न दुखता, दम न लागता जमलं की मगच शीड भर. लाइफ जॅकेट घालून बघ. जुनं आता छातीला घट्ट होईल, आणि दूध भरलेलं असताना तासभर तसं आवळलेलं राहिलं तर गाठी होऊ शकतात, तापही येऊ शकतो. पट्टे सैल करून भागत नसेल तर मोठं घे. पाजून मगच उतर आणि पाण्याची बाटली होडीत बांध. पाजणाऱ्या बाईला उन्हात तहान लागण्याआधीच पाणी प्यावं लागतं.

घरी ठेवायच्या दुधाबद्दलही सांगते. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं म्हणतात, ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीत. आपल्याकडे नोव्हेंबरातही दुपारी पारा ३२-३३ वर असतो, तेव्हा ते थेट फ्रिजमध्ये जाऊ दे. तिथे चार दिवस चालतं.

झोप अपुरी असली की हात नेहमीची कामं विसरतात. होडीच्या मागचा बंग, म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच, लावला का, हे डोळ्यांनी बघू नकोस, अंगठा दाबून बघ. सुकाणूची क्लिप बसली का, तीही बोटाने चाचप. दोन्ही झाल्याशिवाय ट्रॉली पाण्यात लोटायची नाही, मग कोणी कितीही घाई करो. आणि आदल्या रात्री अजिबात झोप झाली नसेल तर येऊ नकोस. मी विचारणारसुद्धा नाही का आली नाहीस.

आता घर. सासूबाई म्हणत असतील की बाळंतिणीने वारा घेऊ नये. कानात कापूस, डोक्याला फडका अशी ती शिस्त आहे, आणि तू तर वाऱ्यावरच चाललेली. यावर वाद घालू नकोस. त्यांनी तुला शेक दिला, डिंकाचे लाडू केले, रात्री बाळ घेऊन फेऱ्या मारल्या. त्यांची खरी काळजी बहुधा वेगळीच असते: तू गेलीस आणि वेळेत आली नाहीस तर रडणारं बाळ आणि बंद फोन घेऊन त्या काय करणार? त्याला उत्तर दे. जाताना परतायची वेळ सांग. साडेसातला पाण्यात उतरून साडेनऊला घरी येईन असं वाटत असेल तर दहा सांग, आणि दहाच्या आत ये. वारा पडला तर सेफ्टी बोटीला दोर दे आणि ओढून घे, त्यात कमीपणा नाही. तुझा फोन कोरड्या डब्यात असेल, पण किनाऱ्यावरच्या एका माणसाचा नंबर त्यांच्याकडे असू दे. सांगितलेली वेळ तू महिनाभर पाळलीस की त्या स्वतःच विचारतील, उद्या जायचं नाही का?

नवऱ्याचा प्रश्न जरा अवघड. तो वेर्णाच्या शिफ्टमधून थकून येतो, हे खरं आहे. पण बाळाआधी त्याचा रविवारचा फुटबॉल होता आणि तुझी होडी होती. आता फुटबॉल चालू आहे आणि होडी बंद आहे, असं मला दिसतं. हे त्याने ठरवून केलं नसेल, पण ते असंच राहिलं तर तुझ्या मनात जे साचेल त्याचा त्रास तिघांनाही होईल. त्याचा खेळ बंद करायला सांगू नकोस. दोघांना सारखे तास मिळू देत, आणि ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. "बघू, वेळ मिळाला तर" यात बाईचाच वेळ बुडतो. तू पाण्यात असताना तो बाळाचा बाप असू दे, तुझ्या जागी बसवलेला राखणदार नको. दुपट्याची घडी कशी घालायची ते फोनवरून सांगू नकोस.

बाळाला किनाऱ्यावर आणायचं तर सहा महिने होईपर्यंत थेट ऊन टाळ. या वयात सनस्क्रीनही लावत नाहीत, सावलीच लागते. होडीत मात्र घेऊ नकोस, फोटोपुरतंही नाही. लेझरचं बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, कोणासाठी थांबत नाही आणि एवढ्या लहानग्याला नीट बसणारं लाइफ जॅकेट सहसा मिळत नाही. ऑप्टिमिस्टमध्ये, म्हणजे मुलांच्या छोट्या शिडाच्या होडीत, मुलं सात-आठ वर्षांची झाली की बसतात. तोवर वाळू पुरे.

रेसिंगबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात तेच आहे, हो ना? या सीझनला नॅशनल्स नकोत. प्रवास, चार-पाच दिवस, परका गाव, एवढं सगळं आत्ता नको. घराजवळची एखादी रेगाटा, म्हणजे होड्यांची शर्यत-स्पर्धा, फेब्रुवारीनंतर घे. तुझी २६ आठवड्यांची रजा जानेवारीत संपते, नोकरीची घडी बसायला महिना लागेल, हेही धर. रेगाटात थकवतात त्या रेस नसतात, रेसच्या मधल्या वेळा असतात. रेस पुढे ढकलल्याचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा वर जातो, वारा येत नाही, आणि दोन-दोन तास उन्हात होडीत बसून राहावं लागतं. पाजणाऱ्या बाईला ते झेपत नाही. म्हणून आधीच रेस ऑफिसरला भेट आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स, म्हणजे त्या स्पर्धेच्या लेखी सूचना, वाच. बाहेरची मदत घ्यायला मनाई असते ती रेसिंग करताना, म्हणजे सुटण्याआधीच्या चार मिनिटांच्या सिग्नलपासून फिनिशपर्यंत. मधल्या वेळेत किनाऱ्यावर येता येतं का, सपोर्ट बोट जवळ येऊ शकते का, हे स्पष्ट विचारून घे. एखादी रेस हुकली तर हुकू दे. पुरेशा रेस झाल्या तर एक वाईट निकाल बहुधा वगळतातच.

निकाल बघू नकोस, स्टार्ट बघ. यंदाचं काम एवढंच ठेव: लाइनवर वेळेत, मोकळ्या वाऱ्यात, पूर्ण वेगाने. सकाळच्या मतलईवर एक बोया आणि घड्याळ एवढ्यावर याचा सराव होतो. मार्चमध्ये वारा वाढला की लाज न धरता ४.७ चं, लेझरचं सगळ्यात लहान शीड लाव. वरचा डोलकाठीचा तुकडा तोच, खालचा आखूड घ्यायचा. आपल्या शेडमध्ये एक आहे.

लोक तुला तारिणीचं, भारतीय नौदलाच्या शिडाच्या बोटीचं उदाहरण देतील. त्या सहाजणी १० सप्टेंबर २०१७ ला इथूनच निघाल्या आणि २१ मे २०१८ ला जग फिरून परतल्या, मलाही त्यांचा अभिमान आहे. पण तुझा प्रश्न रविवारच्या अडीच तासांचा आहे, तो धाडसाने सुटत नाही. उदाहरण हवंच असेल तर नेदरलँड्सच्या मारिट बौमेस्टरचं घे. तुझीच क्लास, रेडियल, म्हणजे मधल्या शिडाची लेझर. २०२२ मध्ये तिला मुलगी झाली आणि २०२४ मध्ये तिने ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. मधली दोन वर्षं नीट लक्षात घे. तीसुद्धा पुढच्याच महिन्यात आली नव्हती, आणि तिच्यामागे प्रशिक्षक होते, मदतीला माणसं होती. तुझ्यामागे आम्ही काहीजण आहोत. आमचा वापर करून घे.

डॉक्टरांचा होकार आला की मला फोन कर. पुढच्या रविवारी साडेसातला सेफ्टी बोट मी सांगून ठेवते. लाइफ जॅकेट आणि बंग घेऊन ये, आणि नवरा-बाळ दोघांनाही आण. ट्रॉली ओढायला माणूस लागेल.

तुझी,
ताई