पत्रे नंतर, आधी माणसं

प्रश्न : मी अमळनेरचा, लेथवर हात बसलेला. नकाशे मागवून दोन सीटचं ॲल्युमिनियमचं विमान घरीच बांधायचंय. शेड रिकामी आहे. पत्रे आणू का?

उत्तर : भाऊ, पत्रे राहू द्या. धुळ्याच्या विमानतळावर २०२० साली अमोल यादवांच्या विमानाची चाचणी झाली. त्यांनी ते मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलं होतं. ते पाहिलेली, हात लावलेली माणसं धुळ्यात भेटतील. विमानांची देखभाल करणारे मेकॅनिक आणि मॉडेल विमानं उडवणारी पोरंही गाठा. वजन थोडं मागे सरकलं तर काय होतं, हे ही पोरं पुस्तकापेक्षा झटकन दाखवतात.

रिकाम्या हाताने जाऊ नका. वीतभर पट्टी रिव्हेट करून न्या. जाणकार आधी छिद्राची कड बोटाने चाचपेल. तिथे बर, म्हणजे छिद्र पाडताना उरलेली धातूची खरबरीत कड, राहिला असेल तर पुढे तडा तिथूनच जातो. मग तो छिद्राचं कडेपासूनचं अंतर मोजेल. रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट हवं. लेथवाल्याला हे सोपं वाटतं, म्हणूनच तो घाई करतो.

अमेरिकेतल्या ‘ईएए’ या घरी विमानं बांधणाऱ्यांच्या १९५३ च्या संघटनेचे अनुभवी सभासद दुसऱ्याचं काम बघायला जातात, तेही पत्रा लागून आतलं काम झाकलं जाण्याआधी. आपल्याकडे असा माणूस स्वतःच जोडावा लागतो. हिवाळ्यात मळ्यात भरीत-पुरीला बोलवा, येतील! मात्र नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची. तिथे गावातल्या कुणाचा शब्द चालत नाही. तेव्हा पहिलं छिद्र पाडण्याआधीच कागदांचं विचारा.