पीसी चालता चालता हँग होतो, बंद करून पुन्हा लावला तर पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते. नेमकं काय बिघडलं असेल?

आधी रॅम (मदरबोर्डवर खोचलेली तात्पुरत्या मेमरीची पट्टी) काढून पुन्हा बसवून बघा, विंडोज टाकायच्या मागे इतक्यात लागू नका. बटण दाबल्यावर बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, हार्डडिस्ककडे वळायच्या आधी रॅम तपासतो. तिथेच अडलं तर स्क्रीनवर काही येतच नाही, त्यामुळे हँग होणं आणि काळी स्क्रीन ही दोन्ही लक्षणं एकत्र असली की पहिला संशय रॅमवर जातो. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनवर मीही सुरुवात इथूनच करतो.

प्लग काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. पीसीच्या डब्याच्या लोखंडी भागाला हात लावून मग रॅमच्या टोकाची क्लिप उघडा, रॅम सरळ वर ओढा, तिची सोनेरी कडा कोरड्या मऊ कापडाने पुसा. बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर दाबा, 'टक्' आवाज यायला हवा. (अर्धवट बसलेली रॅम दिसायला अगदी नीट बसल्यासारखीच दिसते!) रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालू करा. एकीवर चालला आणि दुसरीवर नाही, तर चोर सापडला.

मात्र कंपनीचा लोगो दिसून मशीन त्यानंतर अडकत असेल तर हे लागू नाही. तिथे डिस्क किंवा विंडोजवर संशय घ्या, आणि डिस्क कटकट आवाज करत असेल तर पुन्हा पुन्हा चालू न करता आधी डेटा काढून घ्या.