हरणाला पोळी किंवा धान्य का घालू नये?

गवतावर जगणाऱ्या हरणाला गव्हाची पोळी का बाधावी, असा तुमचा प्रश्न आहे. हरणाचं खाणं आधी पोटातले जिवाणू पचवतात, आणि त्या जिवाणूंना पोळीची सवय नसते.

चितळाला वरचे पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत गवत धरून ते ओरबाडतं, जेमतेम चावतं आणि गिळतं. ते जातं कोटीपोटात, म्हणजे चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात. तिथे तापमान सुमारे ३९ अंश, ऑक्सिजन जवळपास नाही. निवांत बसल्यावर घास परत तोंडात येतो, दाढांखाली बारीक होतो. या रवंथात लाळ भरपूर सुटते (गायीची दिवसाला १०० लिटरच्या वर) आणि तिच्यातलं बायकार्बोनेट आम्लता आटोक्यात ठेवतं. जिवाणू सेल्युलोज फोडून असेटिकसारखी आम्लं बनवतात. ती कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात जातात आणि बहुतेक ऊर्जा त्यांतूनच मिळते. यात तयार होणारा मिथेन वायू ढेकरांवाटे बाहेर. उरलेला बारीक चोथा पुढच्या कप्प्यांतून चौथ्यात पोचतो, तिथे सोबत आलेले जिवाणूही पचतात. काटेकोर बोलायचं तर हरीण बरंचसं प्रथिन जिवाणू खाऊनच मिळवतं.

आता पोळ्या, भात किंवा मका एकदम पोटात गेला की काय होतं? पिष्ट काही तासांत आंबतं. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू माजतात, सामू (pH; जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५च्या खाली घसरतो आणि सेल्युलोज पचवणारे जिवाणू मरतात. मऊ अन्नाला रवंथ फारसा लागत नाही, म्हणजे लाळही कमी. कोटीपोटातल्या आम्लामुळे रक्तातलं पाणी आत खेचलं जातं. जनावर आतून सुकतं, पोट मात्र डबडबलेलं. रवंथ बंद, आंबूस वासाची पातळ हगवण, मग बसकण. लग्नातलं उरलेलं अन्न खाऊन गाईगुरं दगावतात ती याच कारणाने. जिवाणूंना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून गोठ्यातही खुराक हळूहळू वाढवतात. जंगली हरणाच्या बाबतीत ते कोण करणार?

भेकराचं थोडं वेगळं. ते कोवळी पानं, पडलेली फळं निवडून खातं. त्याचं कोटीपोट अंगाच्या मानाने लहान. पण म्हणून त्याला पोळी चालते असं नाही.

हरीण सुस्त बसलेलं, पोट फुगलेलं दिसलं तर तोंडात पाणी किंवा सोडा ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि पकडापकडीच्या धसक्यानेही हरीण मरतं. लांब उभं राहून वन विभागाला १९२६ वर फोन करा, आणि काय खाल्लं असेल तेही सांगा.