एरिक व्ल्चेकविषयी विचारता, म्हणून

स्लोव्हाकियाचा कयाकपटू एरिक व्ल्चेक याच्याविषयी प्रश्न सतत येतात आणि गोंधळ दर वेळी तोच असतो.

खळाळत्या पाण्यात फाटकांमधून होडी काढतो, तोच ना हा?
नाही. ते स्लालम. तिथलं स्लोव्हाकियाचं मोठं नाव मिखाल मार्तिकान. व्ल्चेक स्प्रिंटचा: संथ पाणी, सरळ लेन.

कनू आणि कयाक एकच ना?
नाही. कयाकमध्ये बसून दोन पात्यांचं वल्हं मारतात, स्प्रिंटच्या कनूत एक गुडघा टेकून एका पात्याचं.

मित्र म्हणतो, त्याला ऑलिम्पिक सुवर्ण आहे.
मित्राचं ऐकू नका. अथेन्स 2004 कांस्य, बीजिंग 2008 रौप्य, रिओ 2016 रौप्य, टोकियो कांस्य. चारही पदकं चौघांच्या कयाकमध्ये.

मग त्याचं नाव एवढं कमी का ऐकू येतं?
स्लोव्हाकियात आइस हॉकीचं वेड मोठं. त्यात होखशोर्नर जुळ्या भावांनी स्लालममध्ये 2000, 2004, 2008 अशी ओळीने तीन सुवर्णं मिळवली. आणि चौघांच्या होडीत चेहरा एकाचा राहत नाही. बीजिंगला त्याच्यासोबत रिस्डॉर्फर बंधू आणि युराय तार हे खेळाडू होते. रिओत तार, मिशाक, लिंका. टोकियोत बालाझ, मिशाक, बोटेक. प्रत्येक नव्या साथीदाराच्या वल्ह्याशी आपलं वल्हं जुळवून घ्यायचं! मला त्याच्या पदकांपेक्षा हे मोठं वाटतं.

मुलगा दहा वर्षांचा आहे. व्ल्चेकसारखं व्हायचं तर आत्ताच वजनं उचलायला लावू का?
अहो, घाई कसली? व्ल्चेकच्या पहिल्या आणि शेवटच्या ऑलिम्पिक पदकात 17 वर्षं आहेत. टोकियोची शर्यत 2021 मध्ये झाली तेव्हा तो 39 वर्षांचा होता, आणि 1000 मीटरच्या जागी 500 मीटर आले होते. आधीची तिन्ही ऑलिम्पिक पदकं 1000 मीटरवर मिळवलेल्या माणसाने उतारवयात 500 मीटरवरही पदक मिळवलं. असं शरीर दहाव्या वर्षी पिळून तयार होत नाही. मुलाला आधी पोहू द्या, रुंद होडीत तोल सांभाळू द्या, पाण्यात पडून पुन्हा चढू द्या. वल्हं त्याच्या उंचीला साजेसं हवं, बाबांचं नको. खांदा दुखतो म्हणाला तर बाम चोळत महिना काढू नका. त्याच आठवड्यात क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवा. वजनांचं काय ते प्रशिक्षक आणि डॉक्टर मुलाला बघून ठरवतील. मी इथे बसून आकडा सांगणार नाही.

दुकानदार रुंद प्लास्टिकची होडी ‘ऑलिम्पिक कयाक’ म्हणून देतोय. घेऊ?
नको. ही फसवणूक आहे. स्पर्धेतली एकेरी कयाक लांबीला जास्तीत जास्त 5.20 मीटर, वजनाला किमान 12 किलो आणि इतकी अरुंद की नवखा बसताक्षणी उलटतो. प्रशिक्षकाने होडी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोहता येत नाही, पण लाइफ जॅकेट आहे. चालेल?
नाही. आधी पोहायला शिका.