सिम्युलेशनसाठी खरं पाणी कोणतं: टिप-३पी, एसपीसी/ई की टिप-४पी/२००५?

तुम्ही लिहिलंय की नांदेडला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्टला लायसोझाइम हे प्रथिन घेतलंय, ग्रोमॅक्समध्ये (रेणूंची हालचाल संगणकावर चालवून बघायचं, म्हणजे सिम्युलेशनचं, सॉफ्टवेअर) अँबर९९एसबी-आयएलडीएन फोर्स फील्ड (अणूंमधल्या ओढीचे आकडे आणि सूत्रं) निवडलंय आणि पाण्यापाशी, म्हणजे प्रथिनाभोवतीच्या पाण्याचं मॉडेल निवडण्यापाशी, येऊन अडलात. सर म्हणतात टिप-३पी घ्या, सीनियर म्हणतो एसपीसी/ई, आणि एका पेपरात टिप-४पी/२००५ सर्वांत अचूक असल्याचं तुम्ही वाचलंत. मग यातलं खरं पाणी कोणतं?

तुमच्या कामापुरतं आधी सांगून टाकतो: टिप-३पी घ्या. सरांचं बरोबर आहे. पण सीनियरचं आणि त्या पेपरचंही चूक नाही, आणि हे कसं, ते नीट समजून घ्या. व्हायव्हाला हाच प्रश्न येतो.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी घरात दोन पाणी असतात, प्यायचं आणि वापरायचं. बोअरचं पाणी इतकं जड की त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. म्हणून आई डाळीपुरतं आडाचं पाणी घागरीत वेगळं भरून ठेवते. भांड्यांना, जनावरांना बोअरचंच पाणी चालतं. "खरं पाणी कोणतं" असं घरात कोणी विचारत नाही, "कशाला पाहिजे" असं विचारतात. सिम्युलेशनमधल्या पाण्यालाही पहिला प्रश्न हाच विचारायचा.

संगणकातलं पाणी म्हणजे काही ठिपके आणि त्यांवर वाटलेले चार्ज. टिप-३पीमध्ये तीन ठिपके आहेत: ऑक्सिजनवर उणे ०.८३४, प्रत्येक हायड्रोजनवर अधिक ०.४१७ (एकक इलेक्ट्रॉनचा चार्ज). रेणूचा आकार खऱ्या पाण्यासारखाच, म्हणजे कोन १०४.५२ अंश. एसपीसी घराण्यात (एसपीसी आणि त्यावरून सुधारलेलं एसपीसी/ई) बंधाची लांबी सरळ १ अँगस्ट्रॉम आणि कोन १०९.४७ अंश धरलाय. टिप-४पीमध्ये ऋण चार्ज ऑक्सिजनवरून उचलून थोडा हायड्रोजनांच्या बाजूला, एका चौथ्या ठिपक्यावर ठेवलाय. ही कल्पना बर्नाल आणि फाउलर यांची, १९३३ सालची. संगणक नव्हता तेव्हाची.

पाण्याचं पहिलं मॉलिक्युलर डायनॅमिक्स (रेणूंची हालचाल पावलापावलाने मोजणारं सिम्युलेशन) १९७१ साली अनीसूर रहमान आणि स्टिलिंजर यांनी केलं, फक्त २१६ रेणू घेऊन. रहमान हैदराबादचे, जन्म १९२७चा. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. उस्मानिया विद्यापीठात त्यांनी शिकवलं आणि पुढे अमेरिकेत आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. ज्या तंत्रावर आपण आज पीएच.डी. करतो, त्याचा पाया घालणारा माणूस आपल्याच जुन्या संस्थानातला होता, हे आपल्या पोरांना माहीत असायलाच पाहिजे.

आता तुलना. टिप-३पी आणि टिप-४पी दोन्ही १९८३ची, जॉर्गेन्सन यांच्या गटाची. २५ अंशाला द्रव पाण्याची घनता आणि बाष्पीभवनाची उष्णता जुळावी, असे आकडे त्यांनी बसवले. जे जुळवलं ते जुळलं. जे जुळवलं नव्हतं तिथे मात्र टिप-३पी खूप सुटतं. खऱ्या पाण्याचा स्वतःचा डिफ्यूजन गुणांक, म्हणजे रेणू किती वेगाने पसरतात त्याचं माप, २५ अंशाला २.३ (एकक १०⁻⁹ चौ. मी. प्रति सेकंद, पुढेही हेच धरा). टिप-३पीचा येतो साडेपाचच्या आसपास. खरं पाणी एवढं चपळ व्हायला ते सत्तरएक अंशापर्यंत तापवावं लागतं. म्हणजे तुम्ही थर्मोस्टॅटला (सिम्युलेशनचं तापमान धरून ठेवणाऱ्या भागाला) २५ अंश लिहिता, पण रेणू पळतात बंबातल्या पाण्यासारखे. व्हिस्कॉसिटीही (दाटपणा) खऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच.

असं का होतं, ते ऑक्सिजन-ऑक्सिजन वितरणाच्या आलेखात (एका ऑक्सिजनपासून किती अंतरावर किती दुसरे ऑक्सिजन सापडतात) डोळ्यांना दिसतं. खऱ्या पाण्यात पहिला उंच डोंगर २.८ अँगस्ट्रॉमवर आणि दुसरा ठेंगणा, साडेचारच्या जवळ. हा दुसरा डोंगर म्हणजे चार शेजाऱ्यांच्या चौफुली बांधणीची खूण. टिप-३पीत तो जवळजवळ सपाट झालेला असतो. शेजाऱ्यांची पकड ढिली, म्हणून रेणू सुटून पळतात. हा आलेख एकदा स्वतः काढाच, वाचून ते तितकं पटत नाही.

एसपीसी/ई १९८७चं, बेरेन्डसन यांच्या गटाचं. मला या सगळ्यांत हे मॉडेल फार आवडतं, कारण ते एका साध्या हिशेबावर उभं आहे. वायूतल्या एकट्या रेणूचा डायपोल (धन आणि ऋण टोकांच्या वेगळेपणाचं माप) १.८५ डिबाय. द्रवात आला की शेजाऱ्यांच्या ओढीने तो वाढतो, आणि ती वाढ फुकट होत नाही, रेणूला ऊर्जा मोजावी लागते. आधीच्या मॉडेलांनी वाढलेला डायपोल घेतला, पण हा खर्च वहीत लिहिलाच नाही. बेरेन्डसन यांनी तो लिहिला, रेणूंच्या प्रत्येक मोलमागे साधारण ५.२ किलोज्यूल, आणि त्यानुसार ऑक्सिजनवरचा चार्ज किंचित वाढवला, एसपीसीतल्या ०.८२ चा ०.८४७६. तेवढ्या बदलाने डिफ्यूजन अडीचच्या घरात आलं. ठिपके तेच तीन, गणनेचा वेळही तेवढाच.

टिप-४पी/२००५ हे टिप-४पीचंच सुधारलेलं रूप, अबास्काल आणि वेगा यांचं. नावातच साल आहे. घनता, व्हिस्कॉसिटी, पृष्ठताण, बर्फाचे प्रकार या सगळ्यांत हे तिघांत उजवं. खऱ्या पाण्याची घनता ४ अंशाला सर्वाधिक असते, याची ५ अंशाला. टिप-३पीचं बर्फ तर १४६ केल्व्हिनला, म्हणजे उणे १२७ अंशाला वितळतं. बर्फावर काम असेल तर टिप-३पीकडे बघूच नका, त्यासाठी टिप-४पीचंच बर्फासाठीचं रूप टिप-४पी/आइस आहे, त्याचं बर्फ २७२ केल्व्हिनला वितळतं. पण डायइलेक्ट्रिक स्थिरांकात (पाणी चार्जांमधली ओढ किती कमी करतं त्याचं माप) टिप-४पी/२००५ पण पडतं: खऱ्या पाण्याचा ७८, याचा साठाच्या आत. एसपीसी/ईचा सत्तरच्या आसपास, टिप-३पीचा उलट नव्वदीच्या पुढे. ओनुफ्रिएव्ह यांच्या गटाचं २०१४चं ओपीसी या बाबतीत बरंच सुधारलेलं आहे, डिफ्यूजन आणि डायइलेक्ट्रिक दोन्ही जागेवर येतात.

मग एवढं सगळं असूनही मी टिप-३पी का सांगतो? कारण प्रथिनाचं फोर्स फील्ड एकटं घडत नाही. तुमचं अँबर९९एसबी-आयएलडीएन टिप-३पीत चालवून तपासलेलं आहे. प्रथिन आणि पाणी यांची ओढ त्या जोडीत सांभाळून घेतलेली असते, एकाची चूक दुसऱ्याने झाकलेली असते. पाणी बदललं की झाकण निघतं. म्हणून इतर फोर्स फील्डांची पण ठरलेली जोडी असते: ग्रोमोससोबत एसपीसी, अँबरच्या नव्या एफएफ१९एसबीसोबत ओपीसी, आणि चार्मसोबत चार्मचं स्वतःचं टिप-३पी, ज्यात हायड्रोजनांवरही लेनर्ड-जोन्स (जवळ आल्यावर ढकलणारी, थोडं दूर असताना ओढणारी ताकद) असतं. लायसोझाइम घट्ट घडी असलेलं प्रथिन आहे, घडी किती टिकते ते बघायला टिप-३पी चालतं. घडी नसलेलं, सैल प्रथिन असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. टिप-३पीत ती प्रथिनं नको तितकी आखडून गोळा होतात.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो नाही. माझं पीएच.डी.चं काम साखरेवर होतं. आपल्याकडे ऊस आणि कारखाने, त्यामुळे सुक्रोज हा रेणू मला जवळचा. पाण्यात सुक्रोज किती वेगाने पसरतं ते काढायचं होतं. विरळ द्रावणात मोजलेला आकडा २५ अंशाला ०.५२ आहे. दीड महिना मशीन चालवलं. दिवसातून दोनदा लाईट जायची, प्रत्येक वेळी चेकपॉइंट फाइलवरून (मधली स्थिती जपून ठेवणारी फाइल) पुन्हा सुरू करायचं. शेवटी आकडा आला तो दुपटीहून जास्त. थर्मोस्टॅट तपासला, साखरेचे चार्ज पुन्हा काढले, एकक चुकलं का पाहिलं. पंधरा दिवस असे गेले. मग एका रात्री साखर काढून टाकली आणि नुसत्या टिप-३पी पाण्याचा बॉक्स चालवला. त्याचाच आकडा साडेपाच. साखरेत काहीच चूक नव्हती, पाणीच पातळ होतं. तो बॉक्स पहिल्या दिवशी चालवला असता तर दोन महिने वाचले असते. म्हणून सांगतो, आधी तो चालवा.

३ नॅनोमीटरचा घन घ्या, त्यात ९०० च्या आसपास रेणू मावतात. एक नॅनोसेकंद स्थिर होऊ द्या, मग दहा नॅनोसेकंद चालवा. स्थानबदलाच्या वर्गाची सरासरी काढा, वेळेविरुद्ध तिचा आलेख मांडा आणि उताराला ६ ने भागा, डिफ्यूजन मिळतं. आलेली किंमत थोडी कमीच असेल, कारण बॉक्सभोवती त्याच बॉक्सच्या प्रती मांडलेल्या असतात आणि लहान बॉक्समध्ये रेणू स्वतःच्याच प्रतिमांना अडतात. त्यासाठी ये आणि हमर या संशोधकांची दुरुस्ती लावा. व्हिस्कॉसिटी खऱ्या पाण्याएवढी असेल तर ३ नॅनोमीटरला ती साधारण ०.२३ भरते. टिप-३पी पातळ असल्याने त्याची दुरुस्ती आणखी मोठी येईल.

दोन ठिकाणी सगळेच ठेचकाळतात. तीन ठिपक्यांच्या कुठल्याही पाण्याला ग्रोमॅक्समध्ये एसपीसी२१६ चीच फाइल (पाण्याच्या रेणूंच्या जागांची) चालते, मॉडेल ठरतं ते टोपोलॉजीत (चार्ज आणि ओढीचे आकडे असलेल्या फाइलीत). चार ठिपक्यांना मात्र टिप-४पीची फाइल द्यावी लागते, नाहीतर अणूंची संख्या जुळत नाही अशी चूक येते. दुसरं, मीठ. आयनांचे आकडे पाण्यागणिक वेगळे असतात. जंग आणि चीथम यांनी २००८ साली टिप-३पी, एसपीसी/ई आणि टिप-४पी-ईडब्ल्यू (टिप-४पीचं आणखी एक रूप) यांच्यासाठी वेगवेगळे संच दिले ते याचसाठी. संच चुकला तर विरळ द्रावणातही मिठाचे खडे बसतात. तुम्ही ०.१५ मोलर मीठ घालणार आहात, तेव्हा शेवटची फ्रेम उघडून सोडियम-क्लोराईडचे घोळके दिसतात का ते बघा.

वेळेचं म्हणाल तर तीन ठिपक्यांना रेणूंच्या जोडीमागे ९ अंतरं, चार ठिपक्यांना १०. फरक फार नाही, तेव्हा "मशीन पुरत नाही" हे टिप-४पी टाळायचं कारण लिहू नका.

प्रबंधात लायसोझाइम टिप-३पीतच ठेवा, आणि एक पान नुसत्या पाण्याच्या तीन बॉक्सना द्या: तिन्ही मॉडेलं, त्याच तापमानाला, घनता आणि डिफ्यूजन. तीन रात्रींत होईल. आकडे आले की इथे खाली टाका, सोबत बॉक्सची लांबी, तापमान आणि दुरुस्ती लावली की नाही ते लिहा, मी माझ्या जुन्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघतो.