वाचकांचे प्रश्न: दोन फॉर्म 16 आणि एक विवरणपत्र

प्रश्न: मी ऑक्टोबर 2025 मध्ये नोकरी बदलली. आधीच्या सहा महिन्यांचा पगार 6 लाख आणि नंतरच्या सहा महिन्यांचा 8 लाख रुपये झाला. दोन्ही फॉर्म 16 मध्ये, म्हणजे कंपन्यांनी दिलेल्या पगार व करकपातीच्या दाखल्यांत, कर शून्य दाखवला आहे. मात्र यंदा प्रथमच स्वतः विवरणपत्र भरायला बसलो असता आयकर विभागाचे पोर्टल सुमारे 82 हजार रुपये कर आणि त्यावर व्याज मागत आहे. पहिल्या कंपनीचा पगार दाखवू नकोस, असे एका सहकाऱ्याने सुचवले. काय करावे?

उत्तर: पोर्टलचा हिशेब बरोबर आहे आणि सहकाऱ्याचा सल्ला आपण कृपया मानू नये. पहिल्या कंपनीने वर्षाला 12 लाख पगार गृहीत धरला, त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट केली आणि उरलेले उत्पन्न नव्या करप्रणालीतील 12 लाखांच्या सवलतमर्यादेत बसत असल्याने टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापून घ्यायचा कर, कापला नाही. दुसरीने केवळ आपल्याकडचे 8 लाख धरले, पुन्हा तीच वजावट दिली आणि तिच्याही हिशेबात कर शून्य आला. कायदा मात्र वर्षभराचे उत्पन्न एकत्र मोजतो आणि प्रमाणित वजावट एकदाच देतो. 14 लाखांतून 75 हजार वजा जाता 13 लाख 25 हजार उरतात, म्हणजे सवलतीची मर्यादा ओलांडली जाते. मग 4 ते 8 लाखांच्या टप्प्यावर 20 हजार, 8 ते 12 लाखांवर 40 हजार आणि वरच्या सव्वा लाखावर 15 टक्क्यांनी 18,750 असे 78,750 रुपये होतात, आणि 4 टक्के उपकर धरून 81,900.

नव्या कंपनीत रुजू होताना फॉर्म 12बी भरून आधीच्या पगाराचा तपशील दिला असता, तर हा कर दरमहा थोडाथोडा कापला गेला असता. हा फॉर्म मागण्याची तसदी मनुष्यबळ विभाग अनेकदा घेत नाही, याची खंत वाटते. कारण भुर्दंड नोकरदारालाच पडतो. देय कर 10 हजारांच्या वर असल्याने अग्रिम कर, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर, भरणे आवश्यक होते. तो न भरल्यामुळे 1 एप्रिलपासून दरमहा 1 टक्का, म्हणजे आपल्या बाबतीत 819 रुपये व्याज चढते आणि हप्ते चुकल्याचे व्याज वेगळे लागते. म्हणून 31 जुलैची वाट न पाहता कर लवकर भरावा.

पगार लपवण्याविषयी सांगायचे तर, दोन्ही कंपन्यांनी विभागाला दिलेली माहिती आपल्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती विवरणात दिसते. उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या 50 टक्के, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास 200 टक्के दंड होऊ शकतो. त्याच विवरणात बचत खात्याचे व्याजही तपासावे. त्यावर टीडीएस कापला जात नाही, म्हणून ते बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि नव्या प्रणालीत त्याला वेगळी वजावटही नाही.

आपले उत्पन्न एवढेच असेल तर आयटीआर-1, म्हणजे ‘सहज’, पुरेसा आहे. दोन्ही पगारांची बेरीज लिहावी, ई-पे टॅक्समधून ‘स्वयं-निर्धारण कर’ भरावा आणि चलनाचा तपशील विवरणपत्रात आल्यावरच ते सादर करावे. चलन भरताना कर निर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष, 2026-27 निवडावे. घाईत 2025-26 निवडले, तर पैसे भरूनही थकबाकी तशीच दिसते आणि चलन दुरुस्त करून घेण्यात वेळ जातो.

प्रश्न: विवरणपत्र सादर केले, पण ई-पडताळणी राहून गेली. आता दीड महिना झाला. ते बाद झाले का?

उत्तर: ई-पडताळणीची मुदत सादर केल्यापासून 30 दिवसांची आहे. ती उलटल्यावर पडताळणी केल्यास, पडताळणीची तारीख हीच विवरणपत्र भरल्याची तारीख धरली जाते. तोवर 31 जुलै उलटली असेल तर विलंब शुल्क लागते, जे एकूण उत्पन्न 5 लाखांपर्यंत असल्यास कमाल 1,000 आणि त्यापुढे 5,000 रुपये आहे. पडताळणी केलीच नाही, तर विवरणपत्र भरलेच नाही असे मानले जाते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने हे काम दोन मिनिटांत होते, तेव्हा आजच करावे. उशिराला आजारपणासारखे खरे कारण असल्यास पोर्टलवर विलंबमाफीचा अर्जही करता येतो.